गाडी एका अंगाला का बसते

दहा पावलं मागे जाऊन गाडीकडे समोरून बघितलं की बंपरची रेघ आणि जमिनीची रेघ जुळत नाही. उजवं अंग बसलेलं, डावं उचललेलं. कोकणात जुनी जीप, जिप्सी, बोलेरो किंवा २०२०च्या आधीची थार बाळगणाऱ्या कुणालाही हे दृश्य नवीन नाही. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला आहे: बसलेल्या बाजूच्या कमानीत (चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या थरात, म्हणजे लीफ स्प्रिंगमध्ये) एक पाटा, म्हणजे एक पट्टी, वाढवा. पाटा वाढवला की गाडी सरळ उभी राहते, हे खरं. पण त्या बाजूची कमान कडक होते, घाटात डाव्या वळणावर गाडी एक वागते आणि उजव्या वळणावर दुसरी, आणि ज्या कारणाने ती कलली होती ते कारण तिथेच गंजत राहतं. कित्येकदा तर बसलेली बाजू निर्दोष असते आणि उचललेली बाजू जाम असते. म्हणून पाटे, स्प्रिंग, शॉकअप यातलं काहीही विकत घेण्याआधी टेप आणि खडू हातात घ्यायचा.

मोजायला जागा सपाट हवी. जांभ्याचं अंगण, सारवलेलं खळं, सिमेंटचा कोबा हे सगळं डोळ्याला सपाट दिसतं, पण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून आपल्याकडे प्रत्येक अंगणाला उतार दिलेला असतो. गवंडी जी पाण्याची लेव्हल नळी वापरतात ती इथे उत्तम काम देते: आठ-दहा मीटर पारदर्शक नळी, आत पाणी, एकही बुडबुडा नाही. चारही चाकांच्या जागी जमिनीपासून पाण्याची उंची मोजा. जिथे जमीन खाली आहे तिथे टायरखाली प्लायवूडचे किंवा फरशीचे तुकडे सरकवा. नळी मिळाली नाही तर एकदा मोजून झाल्यावर गाडी त्याच जागी उलट तोंडाने उभी करा आणि पुन्हा मोजा. दोन्ही वेळा गाडीची तीच बाजू बसलेली दिसली तर दोष गाडीत आहे. बसलेली बाजू बदलली तर दोष अंगणात आहे.

मोजण्याआधी चारही टायर थंड असताना हवा सारखी करा, एका धुऱ्यावरचे (अ‍ॅक्सलवरचे) दोन्ही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले आहेत का ते बघा. सामान उतरवा. गाडी जॅकवरून नुकतीच उतरवलेली असेल तर ते माप घेऊ नका. पाटे आणि बुश (सांध्यातली रबराची नळकांडी) आपल्या जागी बसलेले नसतात. चार-पाच मीटर पुढे-मागे ढकला, चारही कोपरे दोन-तीनदा दाबून सोडा, हँडब्रेक न ओढता चाकाला दगड लावा. हँडब्रेक ओढला की मागची चाकं अडतात, कमानीला मागे-पुढे सरकता येत नाही आणि माप खोटं येतं.

आता प्रत्येक चाकाशी तीन मापं. पहिलं, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. दुसरं, चेसिसच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत. तिसरं, बंपस्टॉपच्या (धुरा चेसिसवर आदळू नये म्हणून लावलेल्या रबराच्या) रेषेत धुऱ्याच्या वरच्या पाठीपासून चेसिसपर्यंत. पुढे सलग धुरा नसून प्रत्येक चाकाला सुटे आर्म असतील तर तिथे बंपस्टॉप आणि आर्म यांच्यातली फट मोजा. तिसरं माप दोन्ही बाजूंना वेगळं असेल तरच सस्पेन्शनकडे जायचं. तिसरं सारखं आणि दुसरं वेगळं, म्हणजे टायर किंवा जमीन. दुसरं-तिसरं सारखं आणि फक्त पहिलं वेगळं, म्हणजे चेसिस सरळ आहे आणि बॉडी कललेली आहे: बॉडी माउंटचं (बॉडी चेसिसवर जिथे टेकते त्या सांध्याचं) रबर दबलंय, माउंटखालचा पत्रा गंजून खाली गेलाय, किंवा डेंटिंग करताना मडगार्डची कडच वर-खाली झालीय. हा शेवटचा प्रकार जुन्या गाड्यांत इतका असतो की नुसत्या मडगार्डच्या मापावर कमानी खोलणं मला अजिबात पटत नाही.

रिकाम्या गाडीत आठ-दहा मिलीमीटरचा फरक असेल तर सोडून द्या. पंधराच्या पुढे कारण शोधायचं. पंचवीसच्या वर फरक असेल तर काहीतरी तुटलेलं किंवा जाम झालेलं आहे असं धरूनच चालायचं.

एकदा चालक बसवूनही मोजा. सत्तर-ऐंशी किलोचा एकटा माणूस वर्षानुवर्षं उजवीकडेच बसतो, शिवाय काही गाड्यांत डिझेलची टाकीही एका अंगाला असते. वजनाचा संशय असेल तर महामार्गालगतच्या किंवा चिरेखाणीजवळच्या वजनकाट्यावर आधी गाडीची फक्त डावी चाकं चढवा, मग फक्त उजवी. काट्याचा पाट रस्त्याच्या पातळीत असला पाहिजे, नाहीतर आकडा फसवा येतो. दोन बाजूंत शंभर-सव्वाशे किलोचा फरक निघाला तर कमानी सोडा आणि आधी विंच, जादा स्टेपनी, पाण्याचे कॅन, मागचा लोखंडी रॅक हे कुठे बांधलंय ते बघा.

पुढचं की मागचं

चेसिस ताठ असते, त्यामुळे मागची कमान बसली तरी पुढचा बंपरही तिरका दिसतो. लाकडी चौरंगाचा एक पाय आखूड झाला तर डगमग नेमकी कुठून येते ते डोळ्याने कळत नाही, तसंच हे. ओळखायची रीत अशी: अँटिरोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी दांडी) असेल तर त्याची एक लिंक सोडा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. जॅक मागच्या क्रॉसमेंबरच्या (चेसिसच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर, मध्ये लाकडी ठोकळा ठेवून लावा आणि मागच्या कमानींवरचं वजन उतरेपर्यंतच उचला. चाकं जमिनीला टेकलेली राहू द्या. आता मागची बाजू एका बिंदूवर आहे, म्हणजे कल ठरवते ती फक्त पुढची जोडी. कल गेला तर दोष मागे, राहिला तर दोष पुढे. या अवस्थेत गाडी दोन्हीकडे सहज डोलते, म्हणून माप बाहेरूनच घ्या, गाडीखाली कुणी जायचं नाही.

अँटिरोल बारची लिंक सोडतानाही एक गोष्ट कळते. सपाट जमिनीवर बोल्ट हाताने निघाला तर बारवर ताण नाही. बोल्ट टुणकन उडाला आणि काढताच गाडी सरळ झाली, तर बार वाकलाय किंवा दोन बाजूंना वेगळ्या लांबीच्या लिंक लागल्यात. कमी खर्चात सुटणारी गोष्ट आहे. ती आधी बघून मोकळं व्हावं.

शॅकल

पाट्यांच्या गाडीत इथल्या हवेत माझा पहिला संशय शॅकलवर (कमानीचं एक टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या दुव्यावर) असतो. कमानीवर वजन आलं की ती सपाट होते, सपाट झाली की लांब होते, आणि ती वाढलेली लांबी शॅकल झुलून सामावून घेतो. शॅकल झुलला नाही तर कमान जिथे आहे तिथेच अडकते. वर अडकली तर ती बाजू उंच राहते आणि समोरची निर्दोष बाजू बसल्यासारखी दिसते. खाली अडकली तर उलट. पाटा वाढवून हे सुटणार नाही हे उघड आहे.

ग्रीसच्या पिनांचे जुने शॅकल कोरडे पडून जाम होतात. रबर बुशचे शॅकल वेगळ्या वाटेने बिघडतात: रबर झिजून लोखंडावर लोखंड येतं, मग खारा चिखल आत शिरतो. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ जंगलबोटीच्या (गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीच्या) धक्क्यावरून रोज ये-जा करणारी गाडी, माशांचे क्रेट वाहून बर्फाचं खारं पाणी मागच्या हँगरवर (चेसिसवरच्या कमान धरणाऱ्या कंसावर) गळणारी गाडी, किंवा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर उभी राहणारी गाडी, यांचे मागचे शॅकल आधी तपासा.

तपासणी सोपी आहे. शॅकलवरून हँगरपर्यंत खडूची एक सलग रेघ ओढा. दोन धडधाकट माणसांना बंपरवर, त्याच बाजूला उभं करा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले पाहिजेत आणि माणसं उतरल्यावर पुन्हा जवळपास जुळले पाहिजेत. दोन्ही बाजूंना करा आणि सरकण्याची तुलना करा. एका बाजूला दहा मिलीमीटर आणि दुसरीकडे शून्य, तर दोष सापडला.

खोलण्याआधी फुकटातला एक उपाय करून बघा. रबर बुशचा मधला नळा बोल्टने घट्ट आवळलेला असतो आणि झुलताना रबरच पिळतं. मेकॅनिकने गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले असतील तर रबर त्या अवस्थेत ‘मोकळं’ असतं. गाडी खाली आली की ते पिळलेलं राहतं आणि ती बाजू वर ढकलतं. एकाच बाजूचं काम केलेल्या गाडीत हा दोष हमखास निघतो. चारही चाकं जमिनीवर, गाडी वजनावर असताना कमानीचे पुढचे-मागचे सगळे बोल्ट एक-दीड आटा सैल करा, गाडी दाबून सोडा, चार मीटर हलवा, मग पुन्हा आवळा. जिमनीच्या धुऱ्याचे आर्म किंवा नव्या थारच्या मागच्या लिंका यांनाही हाच नियम लागू आहे.

जाम बोल्ट निघत नसेल तर आदल्या संध्याकाळपासून गंज सोडवणारं तेल तीन-चार वेळा सोडा. डिझेल किंवा रॉकेल ओतू नका. जे बुश ठेवायचे आहेत त्यांचं रबर फुगतं. बोल्ट नळ्यासकट रबरात गोल फिरत असेल तर ठोकाठोकीत वेळ घालवू नका, हँगर आणि बुश यांच्या फटीत ब्लेड घालून दोन्हीकडून कापा. गॅसचा जाळ शेवटचा उपाय, आणि तोही ब्रेकचा होस व डिझेलची नळी बाजूला केल्यावरच.

नवा बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ किंवा १०.९ आकडा (बोल्टच्या ताकदीची श्रेणी) हवा, मूळ बोल्टवर असेल तोच. गंजत नाही म्हणून होडीच्या सामानाच्या दुकानातून स्टेनलेसचे बोल्ट आणून लावायची पद्धत किनाऱ्यावर आहे. ती सोडा. साधा स्टेनलेस बोल्ट ८.८च्या तुलनेत लवकर ताणला जातो: त्याची ताण सोसायची मर्यादा ४५० मेगापास्कलच्या आसपास, ८.८ची ६४०. ताणला की पकड जाते आणि नळा हँगरमध्ये घासायला लागतो. लोखंडी बोल्टच घ्या आणि बसवताना त्याच्या दांड्याला तांब्याची पेस्ट लावा. ती रबराला लागू देऊ नका.

शॅकल सुटा निघाला की हँगर हातोडीने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. ठप्प आवाज आला, किंवा स्क्रूड्रायव्हर दाबला की पापुद्रे निघाले, तर कमान नव्हे, चेसिसच खाली आली आहे. चेसिसच्या पेटीत तांबडी माती आणि मीठ साचून पाणी जायची भोकं बुजतात; गंज आतून येतो, बाहेर रंग शाबूत असतो. अशा ठिकाणी वरून पट्टी मारून वेल्डिंग करणं धोक्याचं आहे. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, मगच जोड.

कमान

तुटलेला पाटा शोधायला तारेचा ब्रश लागतो. बहुतेक वेळा पाटा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकाशी तुटतो आणि कमान धुऱ्याला आवळणाऱ्या यू बोल्टच्या पट्टीखाली लपतो, किंवा क्लिपच्या आत. पुसल्यावर ताज्या गंजाची तांबूस रेघ दिसली, किंवा एखाद्या पाट्याचं टोक जोडीदार बाजूपेक्षा पुढे-मागे सरकलेलं दिसलं, की कमान खोला. त्याच वेळी डावीकडचं आणि उजवीकडचं पुढचा हब ते मागचा हब अंतर मोजून घ्या. सहा मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सेंटर बोल्ट कापला गेलाय आणि धुरा तिरका झालाय. सैल यू बोल्टचं हे फळ.

दोन्ही कमानी काढून जमिनीवर शेजारी ठेवा. कमानीच्या एका डोळ्यापासून (टोकाच्या गोल वेटोळ्यापासून) दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरी ताणा आणि सेंटर बोल्टपाशी दोरीपासून मुख्य पाट्यापर्यंतची खोली मोजा. दहा मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कमान खरंच बसलेली आहे. फरक नसेल आणि तरी गाडी कलत असेल, तर डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावून बघा. कल बाजू बदलून गेला तर कमान दोषी, तिथेच राहिला तर चेसिस, हँगर किंवा बुश. एक काळजी: सेंटर बोल्ट बहुतेक कमानींत बरोबर मध्यावर नसतो, म्हणून बाजू बदलताना पुढचं टोक पुढेच ठेवा.

बसलेली कमान नव्याने वाकवून मिळते. ती थंड स्थितीत, प्रेसवर किंवा हातोड्याने टप्प्याटप्प्याने वाकवणाऱ्याकडे द्या. भट्टीत लाल करून वाकवून तशीच हवेत गार केलेली कमान सुंदर दिसते, पण स्प्रिंगचं पोलाद तापवल्यावर तेलात विझवून पुन्हा ठरावीक उष्णतेवर शेकावं लागतं. ते झालं नाही तर एका पावसाळ्यात ती आधीपेक्षा खाली बसते. काम दोन्ही बाजूंचं एकदमच करा.

आणि तो जादा पाटा. पाट्याची ताठरता जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. त्याच लांबी-रुंदीचा सात मिलीमीटरचा पाटा काढून आठचा घातला तर तो पाटा जवळजवळ दीडपट ताठ होतो. एकाच बाजूला हे केलं की जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर एक चाक उड्या मारतं आणि दुसरं जमीन धरून चालतं. पाटा वाढवायचाच तर दोन्हीकडे, सारखा, आणि खरंच चिऱ्यांचा किंवा आंब्याच्या पेट्यांचा भार रोजचा असेल तर.

खोलल्यावर यू बोल्ट नवे घ्या. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तितकी पकड देत नाही. आवळताना चौकटीच्या कोपऱ्यांसारखं तिरपं-तिरपं, थोडं-थोडं आवळा, गाडी वजनावर असताना मॅन्युअलमधल्या टॉर्कला आणा, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बघा.

टॉर्शन बार आणि कॉइल

जुन्या थारच्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनच्या) मॉडेलला पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी लांब दांडी) आहे, तिथे उंची बोल्टने बदलते. म्हणूनच ती सगळ्यांत जास्त वेळा चुकीची बदलली जाते. आधी मागचा दोष नाही याची खात्री करा, नाहीतर मागच्या कमानीचा आजार पुढच्या बोल्टने झाकला जातो. चेसिस उचलून चाक लोंबतं ठेवा, बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून तेल सोडा, किती आटे बाहेर आहेत ते लिहून ठेवा. एका वेळी एकच पूर्ण फेरा. गाडी खाली, ढकला, दाबा, मोजा. शक्यतो उंच बाजू अर्धा फेरा सैल आणि खालची अर्धा फेरा घट्ट असं वाटून घ्या. एकच कोपरा उचलत गेलात तर त्या कोपऱ्यावर आणि तिरप्या समोरच्या मागच्या चाकावर वजन वाढतं आणि ओल्या घाटात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. बार काढला असेल तर डावा-उजवा अदलाबदल करू नका. ते एका दिशेने पिळण्यासाठीच तयार केलेले असतात.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंग बदलण्याआधी तो बसला नीट आहे का बघा. स्प्रिंगचं टोक सीटच्या खाचेत नसेल, किंवा एका बाजूचं रबर हरवलं असेल, तर आठ-दहा मिलीमीटरचा फरक तिथेच सापडतो. काही गाड्यांना डावा आणि उजवा स्प्रिंग वेगळा असतो. रंगाच्या खुणा आणि भाग क्रमांक तपासा.

उंची सारखी करायला स्प्रिंगच्या सीटवर पट्टी घालायची वेळ आली तर हिशेब लक्षात ठेवा. सलग धुऱ्याच्या गाडीत पुढे एका बाजूला दहा मिलीमीटरची पट्टी घातली तरी मागची जोडी त्या कलाला विरोध करते. पुढची-मागची ताठरता सारखी असेल तर परिणाम साधारण निम्माच दिसतो. सुट्या आर्मच्या गाडीत उलट. तिथे स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसतो, त्यामुळे वरच्या पट्टीचा परिणाम चाकाशी दीड ते दोन पट होतो. म्हणून पाच-सहा मिलीमीटरने सुरुवात करा.

गाडी उंच केलेली असेल तर आणखी एक फसवणूक होते. पॅनहार्ड रॉड एका टोकाला चेसिसला आणि दुसऱ्या टोकाला धुऱ्याला असतो; उंची वाढली की तो जास्त तिरका होतो आणि धुरा आडवा सरकतो. एका बाजूचं चाक बाहेर आलेलं दिसतं आणि डोळा त्यालाच कल समजतो. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरपर्यंतचं आडवं अंतर दोन्हीकडे मोजा. फरक निघाला तर कमी-जास्त करता येणारा रॉड लावा. स्प्रिंगचा इथे संबंध नाही.

शॉकअपबद्दल एवढंच: तेलाचा शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही, तो फक्त हालचाल मंदावतो. गळका शॉकअप बदलायलाच हवा, पण तो बदलून कल जाणार नाही. दांडा वाकून अडकला असेल तर गोष्ट वेगळी.

कल काढल्यावर तीन गोष्टी त्याच दिवशी करून घ्या. पुढच्या चाकांचं अलाइनमेंट, विशेषतः टॉर्शन बार हलवला असेल तर. हेडलाइटची पातळी, कारण अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला तुमचा एक दिवा थेट डोळ्यांत जातो. आणि मागच्या धुऱ्याला ब्रेकच्या व्हॉल्व्हचा दांडा जोडलेला असेल तर त्याचं माप: मागची उंची वाढली की हा व्हॉल्व्ह गाडी रिकामी आहे असं समजून मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. चाक पूर्ण लोंबतं ठेवून ब्रेकचा होस ताणला जात नाही ना, तेही तेव्हाच बघा.

मृगाच्या आधी, मे महिन्यात, गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, चेसिसची भोकं तारेने मोकळी करा आणि पूर्ण वाळल्यावर हँगर-शॅकलवर मेणाचा गंजरोधक फवारा मारा. जळकं इंजिन ऑइल फासू नका. ते बुशचं रबर खातं, वाळू धरून ठेवतं आणि पहिल्या सरीबरोबर अंगणातून विहिरीकडे जातं. पाट्यांवर डांबरी रंगाचा जाड थरही नको, त्याच्या खाली मीठ अडकतं. चारही कोपऱ्यांची मापं तारखेसकट ग्लोव्ह बॉक्समधल्या वहीत लिहा आणि दसऱ्याला गाडी धुऊन पुजायच्या आधी तीच मापं पुन्हा घ्या.